'गेट ऑफ' नीट वापरायचं कसं: बस, लोकल, विमान आणि वडापसुद्धा

'मला स्वारगेटला उतरायचंय' हे इंग्रजीत सांगायची वेळ आली की आपल्यातल्या बहुतेकांच्या तोंडून 'आय वाँट टू गेट डाऊन ॲट स्वारगेट' असंच निघतं. आजूबाजूला तसंच ऐकत आलोय, त्यामुळे त्यात काही खटकतही नाही. पुण्यात, बंगळुरूत, चेन्नईत हे वाक्य बिनबोभाट चालतं. ते भारतीय इंग्रजी आहे आणि ते कमअस्सल आहे असं माझं मुळीच मत नाही. पण हेच वाक्य घेऊन तुम्ही मँचेस्टरच्या बसमध्ये चढलात तर ड्रायव्हर क्षणभर तुमच्या तोंडाकडे बघेल. त्याच्या कानाला 'गेट डाऊन' म्हणजे खाली वाकणं, जमिनीलगत होणं. पोलीस बंदूक रोखून ओरडतात ते. बसमधून उतरण्याला तो 'गेट ऑफ' म्हणतो.

परदेशी पहिल्यांदा निघालेल्यांसाठी, आयईएलटीएससारखी परीक्षा देणाऱ्यांसाठी आणि ऑफिसात परदेशी क्लायंटशी रोज बोलणाऱ्यांसाठी हा लेख आहे. गंमत अशी की यातल्या अनेकांना 'इम्प्लिमेंटेशन' आणि 'स्टेकहोल्डर' तोंडपाठ असतं, आणि जीभ अडते ती चढण्या-उतरण्यापाशी.

पायरी १: दिशा विसरा, काय सुटलं ते बघा

आपलं 'उतरणं' वरून खाली येणारं आहे. उतार, उतरण, उतरंड, सगळीकडे खालची दिशा. म्हणून मराठी डोकं इंग्रजीत आपोआप 'डाऊन' शोधतं. 'ऑफ'ला मात्र वर-खालीशी देणंघेणं नाही. आपण एखाद्या गोष्टीवर होतो, आता नाही, एवढंच 'ऑफ' सांगतं.

याचा सगळ्यात चांगला पुरावा मॉलमधला सरकता जिना. तळमजल्यावर पाय ठेवला, वर गेलात, वरच्या मजल्यावर पाय काढलात. इंग्रजीत तिथे तुम्ही 'गेट ऑफ द एस्कलेटर' केलंत. गेलात वर, तरी 'ऑफ'च! मेट्रोचंही तसंच. डबा आणि फलाट जवळपास एका पातळीत असतात, कुठेही खाली उतरावं लागत नाही, तरी 'गेट ऑफ द ट्रेन'. विमानाला एरोब्रिज लावलेला असेल तर तुम्ही सरळ चालत टर्मिनलमध्ये शिरता, एकही पायरी नाही. तेही 'गेट ऑफ द प्लेन'.

तेव्हा बोलण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न 'मी खाली येतोय का?' हा नाही. 'मी कशावर होतो?' हा आहे.

मग 'गेट डाऊन' कुठे? जिथे उंची हाच मुद्दा असतो तिथे. झाडावरून, छपरावरून, शिडीवरून, भिंतीवरून. पोरगं कठड्यावर चढलंय आणि आई ओरडतेय, तर 'गेट डाऊन फ्रॉम देअर!' अगदी बरोबर. ब्रिटनमध्ये जेवण संपलं की लहान मुलं टेबलावरून उठायची परवानगी मागताना 'मे आय गेट डाऊन?' म्हणतात, तेही उंच खुर्चीवरून खाली येणंच.

पायरी २: 'ऑफ' की 'आउट ऑफ'?

खरी अडचण इथे आहे. मराठीत बसमधून उतरतो, रिक्षातून उतरतो, कारमधून उतरतो, घोड्यावरून उतरतो; क्रियापद एकच. इंग्रजीत वाहनं दोन गटांत विभागली जातात. एका गटातून 'गेट ऑफ', दुसऱ्यातून 'गेट आउट ऑफ'.

कसं ओळखायचं? आत गेल्यावर उभं राहता येतं का, दोन पावलं चालता येतं का, ते बघा. येत असेल तर 'ऑन' आणि 'ऑफ': बस, लोकल, मेट्रो, ट्राम, विमान, बोट. आत शिरताना वाकावं लागतं आणि शिरलं की बसूनच राहावं लागतं, असं असेल तर 'इन' आणि 'आउट ऑफ': कार, टॅक्सी, रिक्षा. आणि ज्यावर टांग टाकून बसतो ते सगळं पुन्हा 'ऑन-ऑफ': सायकल, मोटारसायकल, स्कूटर, घोडा, उंट.

म्हणून 'शी गॉट ऑफ द बस अँड गॉट इन अ टॅक्सी'. ती बसमधून उतरली आणि टॅक्सीत बसली. हे एक वाक्य घोकून ठेवलंत तर निम्मा नियम पाठ झाला. यातच दुसरीही गोष्ट दिसते: आपण 'टॅक्सीत बसलो' म्हणतो, त्याचं 'सॅट इन द टॅक्सी' करू नका. 'सॅट' म्हटलं की टॅक्सीत नुसतं बसून राहिल्याचं चित्र उभं राहतं. चढणं म्हणजे 'गेट इन'.

'गेट ऑफ द कार' हे आपल्याकडे फार ऐकू येतं. इंग्रजी कानाला ते ऐकून माणूस कारच्या टपावर किंवा बॉनेटवर चढून बसला होता असं वाटतं. टपावर बसलेल्या माणसाला मात्र 'गेट ऑफ द कार!' असं ओरडून सांगणं व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे.

आता मधली प्रकरणं. मांडव्याला जाणाऱ्या लाँचवर आपण फिरू शकतो, म्हणून 'गेट ऑफ द बोट'. तलावातल्या वल्ह्याच्या होडीत उभं राहिलं तर होडी उलटायची, म्हणून 'गेट आउट ऑफ द बोट'. शब्द एकच, 'बोट', पण आकार बदलला की शेपूटही बदलतं. लिफ्टच्या बाबतीत ब्रिटिश लोक बहुधा 'गेट आउट ऑफ द लिफ्ट' म्हणतात, अमेरिकन लोक 'गेट ऑफ द एलेव्हेटर', दोन्ही बरोबर. ट्रॅक्टरच्या सीटवरून उतरणारा 'गॉट ऑफ द ट्रॅक्टर', कारण तो चहूबाजूंनी उघडा. ट्रकच्या केबिनमधून उतरणारा ड्रायव्हर 'गॉट आउट ऑफ द ट्रक'. आणि वडाप? जीपच्या आत कोंबलेले ते 'गॉट आउट', मागच्या पायरीवर लोंबकळणारे ते 'गॉट ऑफ'. एकाच गाडीतून, एकाच थांब्यावर. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना हे वेगळं समजवायला नको.

पायरी ३: वाक्य बांधा

सर्वसाधारण साचा असा: 'गेट ऑफ', मग वाहन, मग 'ॲट' आणि ठिकाण. 'वुई गॉट ऑफ द ट्रेन ॲट कर्जत.' वाहन उघड असेल तर गाळा: 'वुई गॉट ऑफ ॲट कर्जत.' हाच प्रकार जास्त ऐकू येतो.

मराठीमुळे घसरायच्या जागा चार-पाच आहेत आणि त्या ठरलेल्या आहेत.

पहिली, 'फ्रॉम'. आपण 'बसमधून' म्हणतो, म्हणून 'गेट ऑफ फ्रॉम द बस' तोंडात येतं. तो 'मधून' 'ऑफ'मध्येच आहे, 'फ्रॉम' नको. अमेरिकेत बोलताना काही जण 'गेट ऑफ ऑफ'सारखं काहीतरी म्हणताना ऐकू येतील. त्यातला दुसरा शब्द एका एफचा, म्हणजे 'चा-ची-चे'वाला असतो. बोलण्यात खपतं, परीक्षेत लिहू नका. एका एफचा आणि दोन एफचा, हा फरक लिहिताना कायम लक्षात ठेवा. मेसेजमध्ये घाईत एक एफ गळतो आणि वाक्याचा अर्थच जातो.

दुसरी, 'द'. मराठीत असं काही नसल्यामुळे 'आय गॉट ऑफ बस' सहज निघतं. 'आय गॉट ऑफ द बस' हवं.

तिसरी, 'हिअर' आणि 'देअर'च्या आधी 'ॲट' लावणं. 'गेट ऑफ हिअर', 'गेट ऑफ देअर', बस. पण पुढच्या स्टॉपला म्हणायचं तर 'ॲट द नेक्स्ट स्टॉप', तिथे 'ॲट' गाळू नका.

चौथी जरा मजेशीर आहे. 'मी एक स्टॉप आधी उतरलो' याचं शब्दशः 'आय गॉट ऑफ बिफोर वन स्टॉप' होतं. ऐकणाऱ्याला काहीही कळत नाही. म्हणायचं 'आय गॉट ऑफ वन स्टॉप अर्ली'. उतरायचं राहून गेलं तर 'आय मिस्ड माय स्टॉप'. भलत्याच ठिकाणी उतरलात तर 'आय गॉट ऑफ ॲट द राँग स्टॉप'. ही तिन्ही वाक्यं नव्या शहरातल्या पहिल्या आठवड्यात उपयोगी पडतात, कारण फोनवर कुणाला तरी हेच सांगायचं असतं.

काळाचं म्हणाल तर मराठीतलं 'मी दादरला उतरतो' दोन कामं करतं: रोजची सवय सांगतं आणि आत्ताचा बेतही सांगतं. इंग्रजीत ही दोन कामं वेगळी. रोजचं असेल तर 'आय गेट ऑफ ॲट दादर'. आत्ता याच गाडीतून उतरणार असाल तर 'आय ॲम गेटिंग ऑफ ॲट दादर'. 'आय विल गेट ऑफ' चुकीचं नाही, पण ते आत्ता या क्षणी ठरवल्यासारखं वाटतं: 'बरं, मग मी दादरलाच उतरतो' या थाटाचं.

भूतकाळ 'गॉट ऑफ'. पूर्ण काळात ब्रिटिश 'हॅव गॉट ऑफ', अमेरिकन 'हॅव गॉटन ऑफ'. घरी फोन करून 'आत्ताच ट्रेनमधून उतरलोय' सांगायचं तर 'आय हॅव जस्ट गॉट ऑफ द ट्रेन'. अमेरिकेत सरळ 'आय जस्ट गॉट ऑफ द ट्रेन'.

एक अजून. उतरणं आणि उतरवणं यांत मराठी फरक करते. इंग्रजीत त्यासाठी नवा शब्द लागत नाही, ज्याला उतरवायचं त्याला मध्ये बसवायचं. 'गेट द किड्स ऑफ द बस', मुलांना बसमधून उतरव. 'हेल्प मी गेट दिस सूटकेस ऑफ द ट्रेन', ही बॅग उतरवायला जरा हात लावा. पण वाहनाचं नाव मध्ये टाकू नका. 'गेट द बस ऑफ' म्हटलं तर बसलाच कशावरून तरी काढायला निघाल्यासारखं होईल.

पायरी ४: कानाला सवय लावा

लिहिताना दोन शब्द, बोलताना एकच. 'गेट' आणि 'ऑफ' जोडून 'गेटॉफ' होतं. अमेरिकन तोंडात मधला 'ट' मवाळ होतो, 'ड' आणि 'र' यांच्या मधला काहीतरी, साधारण 'गेडॉफ'. 'गॉट ऑफ ॲट' हे तीन शब्द 'गॉडॉफॅट' असे एका दमात येतात, आणि नवख्या माणसाला वाटतं की हा कुणाचं तरी नाव घेतोय. पहिल्यांदा ऐकून गोंधळ झाला तर तुमच्या इंग्रजीत काही कमी नाही, आपल्याला सुटे शब्द ऐकायची सवय असते इतकंच.

जोर कुठे द्यायचा? शेवटी 'ऑफ' आला तर 'ऑफ'वर: 'व्हेअर आर यू गेटिंग ऑफ?' पुढे वाहन किंवा ठिकाण आलं तर जोर त्याच्यावर सरकतो. 'गेट'वर आपण नेहमी जास्त जोर देतो, तो कमी करा.

पायरी ५: प्रत्यक्ष प्रवासात

अनोळखी शहर, हातात पत्ता, समोर ड्रायव्हर. पहिलं वाक्य: 'व्हेअर शुड आय गेट ऑफ फॉर द हॉस्पिटल?' हॉस्पिटलला जायचं तर कुठे उतरू? यातला 'फॉर' फार कामाचा आहे. 'टू गो टू द हॉस्पिटल' एवढं लांब जायची गरज नाही. मग: 'कुड यू टेल मी व्हेन टू गेट ऑफ?' उतरायचं आलं की सांगाल का?

'कुड यू' का, ते लक्षात घ्या. मराठीत 'उतर' आणि 'उतरा' यांत मान आपोआप येतो. काकांना 'उतरा हं' म्हटलं की झालं. इंग्रजीत क्रियापदाला मान नसतो, त्यामुळे 'गेट ऑफ' हे नुसतं उच्चारलं तर 'उतर खाली!' असंच लागतं. आधी 'प्लीज' लावलं तरी हुकूमच राहतो, जरा इस्त्री केलेला. सोबतच्या वयस्क माणसाला सांगायचं तर 'दिस इज अवर स्टॉप' किंवा 'शॅल वुई गेट ऑफ हिअर?' म्हणा.

उत्तरं साधारण अशी येतील. 'टू मोअर स्टॉप्स', अजून दोन स्टॉप. 'इट्स द वन आफ्टर दिस', याच्या पुढचा. 'यू वाँट द नेक्स्ट वन', तुम्हाला पुढच्याला उतरायचंय. इथे 'वाँट'चा तुमच्या इच्छेशी संबंध नाही, 'तुमचा स्टॉप पुढचा' एवढाच अर्थ. इंग्लंडच्या उत्तरेकडे शेवटी 'लव्ह' जोडलं जाईल, 'नेक्स्ट वन, लव्ह'. गडबडू नका, तिथे ते आपल्या 'ताई', 'दादा'सारखं आहे.

आपल्या एसटीत एक घंटी म्हणजे थांबा आणि डबल बेल म्हणजे चला, आणि दोरी कंडक्टरच्या हातात. १९४८ साली १ जूनला पुणे-अहमदनगर ही पहिली बस सुटली तेव्हापासून मराठी माणसाला उतरायची काळजी कंडक्टरवर टाकायची सवय आहे. परदेशात बहुतेक शहरांतल्या बसमध्ये कंडक्टर नसतो. आपला स्टॉप यायच्या आधी खांबावरचं बटण आपणच दाबायचं. दाबलं नाही आणि स्टॉपवर कुणी चढणारं नसेल, तर बस सरळ पुढे जाते. ब्रिटनमध्ये उतरताना ड्रायव्हरला 'थँक यू' किंवा 'चिअर्स' म्हणण्याची पद्धत आहे. म्हणून बघा, छान वाटतं.

तिकिटाच्या कार्डाशीही हे शब्द जोडलेले आहेत. सिडनीत ओपल कार्ड चढताना 'टॅप ऑन' आणि उतरताना 'टॅप ऑफ' करायचं. 'टॅप ऑफ' विसरलात तर जास्तीचं भाडं कापलं जातं. मेलबर्नच्या मायकी कार्डासाठी 'टच ऑन, टच ऑफ' म्हणतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत मात्र 'टच इन, टच आउट', कारण तिथे कार्ड स्टेशनच्या गेटवर लावायचं असतं, म्हणजे आत आणि बाहेर. लंडनच्या बसमध्ये भाडं सगळीकडे सारखंच, म्हणून चढताना एकदाच कार्ड लावायचं, उतरताना नाही.

फलाटावरच्या पाट्यांवर आणि घोषणांत मात्र 'गेट ऑफ' सहसा ऐकू येणार नाही. तिथे 'अलाइट' येतं. 'अलाइट हिअर फॉर' म्हणजे अमुक ठिकाणी जाण्यासाठी इथे उतरा. हा वाचायचा आणि ऐकायचा शब्द; मित्राला 'आय अलाइटेड' म्हणालात तर तो हसेल. विमानात 'डिसएम्बार्क', आपल्याकडच्या विमानांत 'डीबोर्ड'. तेही घोषणेपुरतेच. तोंडात 'गेट ऑफ'च असू द्या. फार तर 'हॉप ऑफ' चालेल, ते हलकंफुलकं आहे. पर्यटकांच्या बसवर 'हॉप ऑन, हॉप ऑफ' लिहिलेलं असतं ते हेच. 'जम्प ऑफ' मात्र जपून. चालत्या लोकलमधून उडी मारण्याला ते शोभतं.

आता गर्दी. मुंबईत पुढच्याच्या खांद्याला बोट लावून 'दादर?' एवढंच विचारलं जातं. तो मान हलवतो किंवा अंग चोरून जागा देतो, आणि दाराकडे जाण्याची अदलाबदल होते. इतकी काटकसर इंग्रजीत नाही, पण जवळपास आहे. समोरच्याला विचारायचं 'आर यू गेटिंग ऑफ हिअर?' तो नाही म्हणाला तर 'सॉरी, कॅन आय गेट पास्ट?' किंवा नुसतं 'सॉरी, दिस इज मी'. शब्दशः 'हा मी आहे', अर्थ 'माझा स्टॉप आला'. हे वाक्य पुस्तकात सहसा भेटत नाही. रस्त्यावर रोज भेटतं. मित्रासोबत चालत येताना घराचं दार आलं तरी लोक असंच म्हणतात.

टॅक्सीत वेगळा रिवाज. 'आय वाँट टू गेट आउट' म्हणालात तर ड्रायव्हरवर चिडल्यासारखं वाटेल. 'जस्ट हिअर इज फाइन, थँक्स' किंवा 'यू कॅन ड्रॉप मी हिअर' म्हणायचं.

पायरी ६: प्रत्येक 'उतरणं' म्हणजे 'गेट ऑफ' नव्हे

मराठीतलं 'उतरणं' कुठे कुठे जातं याला सुमार नाही, आणि 'गेट ऑफ' शिकल्याच्या उत्साहात ते सगळीकडे चिकटवायचा मोह होतो.

'विमान उतरलं' हे 'लँडेड'. विमान 'लँड' होतं, प्रवासी 'गेट ऑफ' करतात. मध्ये बराच वेळ सगळे रांगेत बॅगा घेऊन उभे असतात, त्यामुळे फोनवर 'वुई हॅव लँडेड, बट वुई हॅवन्ट गॉट ऑफ यट' हे वाक्य हमखास लागतं. 'राजगड उतरायला दोन तास लागले' यात 'कम डाऊन' किंवा 'क्लाइम डाऊन'. इथे खरोखरच खाली येणं आहे, 'डाऊन' हक्काने वापरा.

'कुठे उतरलात?' हा पाहुण्याला विचारायचा आपला प्रश्न. परदेशी पाहुण्याला 'व्हेअर डिड यू गेट ऑफ?' विचाराल तर तो बस स्टॉपचं नाव सांगेल. विचारायचं 'व्हेअर आर यू स्टेइंग?' लॉजवर उतरलो, मावशीकडे उतरलो, सगळीकडे 'स्टे'.

ताप उतरतो तो 'कम्स डाऊन'. भाव उतरतात तेही. निवडणुकीच्या रिंगणात उतरतात ते 'एंटर' किंवा 'स्टँड', अमेरिकेत 'रन'. विमा उतरवायचा तर 'टेक आउट इन्शुरन्स', म्हणजे आपण उतरवतो आणि ते बाहेर काढतात. फळ्यावरचं वहीत उतरवून घेणं 'कॉपी डाऊन'. चेहरा उतरला तर 'हिज फेस फेल'. आणि दृष्ट उतरवण्याला इंग्रजीत आयता शब्द नाही. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकतात हे सरळ समजावून सांगा.

पायरी ७: वाहनाबाहेरचं 'गेट ऑफ'

पहिली पायरी पक्की झाली असेल, तर हे अर्थ पाठ करावे लागणार नाहीत. हिरवळीवर पाय ठेवलात: 'गेट ऑफ द ग्रास!' पाटीवर 'कीप ऑफ द ग्रास', म्हणजे जाऊच नका. आधीच गेलेल्याला 'गेट ऑफ'. कुत्रा सोफ्यावर चढला: 'गेट ऑफ द सोफा!' कुणी अंगचटीला आलं: 'गेट ऑफ मी!' हे ठणकावून म्हणायचं वाक्य आहे आणि मुलींनी, बायकांनी ते जरूर तोंडात ठेवावं. मुलगा तासभर फोनवर: 'गेट ऑफ द फोन!' अमेरिकेत ऑफिस सुटणंही यातच बसतं: 'आय गेट ऑफ ॲट सिक्स', मी सहाला सुटतो. 'सिक्स' हे स्टॉपचं नाव नाही, हे संदर्भावरून कळतं.

सुटण्यावरून आठवलं, शिक्षेतून सुटणंही 'गेट ऑफ'. सिग्नल तोडला, पोलिसाने समज देऊन सोडलं: 'ही गॉट ऑफ विथ अ वॉर्निंग'. 'गॉट ऑफ लाइटली', थोडक्यात निभावलं.

दोन ठिकाणी पाय जपून. 'व्हेअर डू यू गेट ऑफ?' हा बसमध्ये निरागस प्रश्न आहे. पण पुढे 'टेलिंग मी व्हॉट टू डू' जोडलं की अमेरिकन इंग्रजीत त्याचा अर्थ होतो 'मला शिकवणारा तू कोण टिकोजीराव?' आणि 'गेट ऑफ'च्या मागे 'ऑन' किंवा 'विथ' आणि माणूस लावला तर बोलीभाषेत लैंगिक अर्थ निघू शकतो. 'आय गॉट ऑफ विथ माय बॉस ॲट अंधेरी' असं चुकूनही सांगू नका. 'माय बॉस अँड आय बोथ गॉट ऑफ ॲट अंधेरी' म्हणा, म्हणजे निदान ऑफिसात चर्चा होणार नाही.

पायरी ८: करून बघा

रोजच्या प्रवासात हेडफोन लावलेले असतानाही मनातल्या मनात सराव होतो. चढलात की 'आय ॲम गेटिंग ऑन', उतरलात की 'आय हॅव गॉट ऑफ'. खाली काही वाक्यं देतो. आधी स्वतः करा, मग पुढचं वाचा.

'तो बाइकवरून उतरला आणि गाडीत बसला.' 'आम्ही कोल्हापूरला मावशीकडे उतरलो होतो.' 'आजी विमानातून उतरल्या का?' 'आधी बाळाला उतरव, मग बॅग.' 'शाळेला जायचं तर एक स्टॉप आधी उतरा.' 'मांजर झाडावरून उतरेना.'

पहिलं, 'ही गॉट ऑफ द बाइक अँड गॉट इन द कार'. बाइकवर टांग, कारमध्ये वाकणं. दुसरं, 'वुई स्टेड विथ माय आँट इन कोल्हापूर'. इथे 'गेट ऑफ' लिहिलं असेल तर सहावी पायरी पुन्हा वाचा. तिसरं, 'हॅज आजी गॉट ऑफ द प्लेन?' आजीला 'ग्रँडमा' करायची काही गरज नाही. चौथं, 'गेट द बेबी ऑफ फर्स्ट, देन द बॅग', हे बस किंवा ट्रेन असेल तर. कार असेल तर 'गेट द बेबी आउट फर्स्ट'. पाचवं, 'गेट ऑफ वन स्टॉप अर्ली फॉर द स्कूल'. कुणी वाट विचारली आणि आपण सांगतोय, तेव्हा हा हुकमी 'गेट ऑफ' उद्धट वाटत नाही, कारण इथे आपण हुकूम सोडत नसून रस्ता दाखवतोय. सहावं, 'द कॅट वोंट कम डाऊन फ्रॉम द ट्री'. मांजर अडकलंय ते उंचीमुळे, तेव्हा इथे 'डाऊन'च.